वारसांची नावं कोण सांगतं?

सिंदेवाही तालुक्यातलं एक तलाठी कार्यालय. सरकारी कागदावर हल्ली ‘ग्राम महसूल अधिकारी’. गावाच्या तोंडी मात्र पटवारीच. बाकावर दोन भाऊ बसलेत. पिशवीत बापाच्या मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, आधारच्या झेरॉक्स. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि धानाच्या बांध्या अजून त्याच्याच नावावर आहेत. पीककर्जासाठी सोसायटीत गेले, तेव्हा हे अडलं.

“आई आहे?” पटवारी विचारतो.

“आहे जी.”

“बहिणी?”

थोरला धाकट्याकडे बघतो. “एक आहे. ब्रह्मपुरीले दिली. लग्नात सारं केलं जी तिचं.”

“ते लिहायला इथं रकाना नाही. नाव सांगा.”

वारस नोंदीचं सगळं मर्म या दोन मिनिटांत आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र नसलेल्या पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखी जाते. हक्क मृत्यूच्या क्षणीच लागतो. कागद मात्र कुणी सांगितल्याशिवाय हलत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. इथं तिला वर्षं लागतात. म्हणूनच 2025 च्या एप्रिलपासून शासनाला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांचे वारस लावावे लागले.

भावांचं शपथपत्र घेऊन पटवारी गावात विचारपूस करतो. वारसांची नावं आधी गाव नमुना सहा-क मध्ये चढतात, मग फेरफार धरला जातो. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. कुणी आलं नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावं येतात. वाटणी याहून वेगळी. ती कलम 85 खाली तहसीलदाराकडे. बहिणीला हिस्सा नको असेल, तर तिनं स्वतः दुय्यम निबंधकापुढं हक्कसोडपत्र नोंदवायचं. शपथपत्रातून तिचं नाव गाळणं हा त्याचा पर्याय नव्हे.

पुढं गडचिरोलीकडं गेलं की प्रश्न बदलतो. गोंड, माडिया कुटुंबांना 1956 चा कायदा लागू नाही. कलम 2(2) नं अनुसूचित जमातींना वगळलंय. तिथं रूढी बघतात, आणि रूढी सांगायला बसतात ते बहुधा पुरुषच. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं 17 जुलै 2025 रोजी वेगळी दिशा दाखवली: मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना, केवळ बाई म्हणून तिचा वाटा नाकारता येणार नाही.

गडचिरोलीतल्या अशा कुटुंबांकडं जंगलातला वनपट्टाही असतो, आणि त्याची रीत तिसरीच. वनहक्क कायदा, 2006 नुसार तो विकता येत नाही, पण वारसांकडं जातो. थेट वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडं. शिवाय विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. त्यामुळं नवरा गेल्यावर पट्ट्यावरच्या बाईला स्वतःचं नाव लावून घ्यायला दिरांच्या शपथपत्राची वाट बघावी लागत नाही. शेतीच्या सातबाऱ्यावर मात्र अजून बहुतेक घरांत ते नाव घरधनी गेल्यावरच चढतं, तेही कुणी सांगितलं तर.