एका आकड्यावरून रक्तदाबाचे निदान नको

जिना चढल्याची धाप ओसरली नसताना, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा आवळून मोजलेला रक्तदाब १६० भरला, तर तो आकडा रुग्णाच्या धमन्यांचा की त्या जिन्याचा? तरीही अशा एकाच आकड्यावरून आयुष्यभराच्या गोळ्या सुरू झाल्याची कागदपत्रे मला वरचेवर पाहावी लागतात.

वाचकहो, मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम टाळावेत आणि लघवीला जाऊन यावे. (हे सांगायला आम्ही डॉक्टरच संकोचतो, पण भरलेल्या मूत्राशयानेही दाब वाढतो.) मग पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर हवा आणि दंड हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा. तो १० सेंटिमीटर जरी खाली राहिला, तरी आकडा सात-आठ अंकांनी फुगतो. जाड दंडाला अरुंद पट्टा लावल्यासही दाब खोटाच वाढलेला दिसतो. मोजताना बोलू नये. सोबत आलेल्यांनीही तेवढा वेळ तक्रारींचा पाढा थांबवावा.

काहींचा दाब डॉक्टर दिसताच चढतो. काहींचा मात्र दवाखान्यात उत्तम, घरी वाढलेला असतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा. दोन्हींचा उलगडा घरच्या मोजणीने होतो. यंत्र दंडावर बांधायचे घ्यावे, मनगटावरचे नव्हे. सात दिवस, सकाळी न्याहारी व औषधापूर्वी आणि पुन्हा रात्री, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. दवाखान्यातील मर्यादा सामान्यतः १४०/९० मानतात, घरच्या सरासरीची १३५/८५. मनाजोगता आकडा येईपर्यंत मोजत राहून तेवढाच लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसली वही माझ्या काही उपयोगाची नसते.

नाडी अनियमित असल्यास स्वयंचलित यंत्रावर विसंबू नये. डॉक्टरांकडून स्टेथोस्कोप लावून मोजून घ्यावे.

वृद्धांचा, विशेषतः मधुमेहींचा, दाब उभे राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनीही पाहावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी घसरत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. केवळ बसून घेतलेल्या आकड्यावर औषध वाढत गेले, की पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.

वही पाहून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आणि दाब १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखणे, धाप किंवा बोलण्यात अडखळणे असेल, तर सात दिवसांची मोजणी बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.