राणीचे मुख कोणत्या दिशेला? उत्तर हाताच्या सवयीत

खिशातील पाचशेची नोट बाहेर न काढता सांगा, तिच्यावरील गांधीजींचे मुख डावीकडे वळलेले आहे की उजवीकडे? नोट रोज हाताळत असूनही छातीठोक उत्तर देणे सोपे नाही. त्यात २०१६ मध्ये नवी नोट आली तेव्हा या चित्राची दिशाही बदलली, त्यामुळे जुनी आठवण मध्येच डोकावते.

नित्य पाहिलेले नीट आठवतेच असे नाही, हे १९७९ मध्ये निकरसन आणि अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एका सेंटचे नाणे स्मरणातून काढताना अमेरिकी नागरिकांची त्रेधा उडाली. लिंकनचे मुख कोणीकडे, मजकूर कोठे, याचा अनेकांना पत्ता नव्हता.

ब्रिटनमध्ये मात्र निराळाच प्रकार आढळला. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे मुख तेथील नाण्यांवर उजवीकडे आहे. निव्वळ अंदाजाने सांगितले, तरी निम्मी उत्तरे बरोबर यायला हवीत. प्रत्यक्षात बहुसंख्यांना ते डावीकडे असल्याचे आठवत होते! टपाल तिकिटांवर राणी डावीकडे पाहते, म्हणून गोंधळ होत असावा, असा एक तर्क होता.

ऑक्सफर्डच्या मेरीअ‍ॅन मार्टिन आणि वॉरिक विद्यापीठाचे ग्रेगरी जोन्स यांनी १९९९ मध्ये दुसरे कारण पुढे केले : आपण कोणत्या हाताने काम करतो. त्यांनी नाण्याबरोबरच १९९७ मध्ये आकाशात दिसलेल्या हेल-बॉप धूमकेतूविषयीही विचारणा केली. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा कल वस्तू डावीकडे वळलेली आठवण्याकडे होता, तर डावखुऱ्यांचा उजवीकडे. साहजिकच राणीच्या बाबतीत डावखुरे सरस ठरले. धूमकेतूचे तोंड डावीकडे होते, तेथे उजव्या हाताचे.

यामागचे स्पष्टीकरण घरीही पडताळता येते. कोणालाही बाजूने दिसणारा चेहरा काढायला सांगा. उजव्या हाताने काढणारा बहुधा तो डावीकडे वळलेला काढतो, कारण हाताला ती वळणे सोयीची पडतात. आठवतानाही मेंदू हाताच्या याच हालचालीची मनोमन उजळणी करत असावा, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. अर्थात हा कल आहे, नियम नव्हे. आणि स्पष्टीकरणावर सर्वांचे एकमतही नाही.

प्रश्न नाण्यापुरता असता, तर गंमत म्हणून सोडून देता आला असता. पण अपघातानंतर ‘मोटार कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती?’ असे साक्षीदाराला विचारले जाते, तेव्हा त्याचे ठाम उत्तर डोळ्यांनी टिपलेले की हाताच्या सवयीने पुरवलेले, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता तिसऱ्या चार्ल्स यांच्या नाण्यांवर राजाचे मुख डावीकडे आहे. म्हणजे या खेपेस ब्रिटनमधील डावखुऱ्यांची पंचाईत होणार.