सायलेन्सरला बगल : एक्झॉस्ट कटआउट आणि ताकदीचा हिशेब

इंजिनातून निघणाऱ्या जळक्या वायूला सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडायची वाट करून देणाऱ्या, हवी तेव्हा उघडता आणि मिटता येणाऱ्या झडपेला ‘एक्झॉस्ट कटआउट’ म्हणतात. सायलेन्सरच्या अलीकडे मुख्य नळीला एक फाटा वेल्ड केलेला असतो, त्या फाट्याच्या तोंडात आडव्या दांडीवर फिरणारी पोलादी चकती असते, आणि चालकाने बटण दाबले की एक छोटी विद्युत मोटर ती चकती फिरवते; मग वायू सायलेन्सरमधून जाण्याऐवजी गाडीच्या पोटाखालीच मोकळा होतो. त्यामुळे इंजिनाचा कोंडमारा संपून गाडीची ताकद वाढते, असे ही झडप विकणारे आणि बसवणारे सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे; मात्र ते किती आणि कोणत्या गाडीत, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

ही युक्ती जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, परंतु त्या काळातील सायलेन्सर ओबडधोबड होते आणि वायूची वाट चांगलीच अडवत; इंजिनांची ताकदही बेताची असल्याने तेवढा अडथळासुद्धा चढावर जाणवत असे. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक अमेरिकी गाड्यांत पायाशी एक खटका असे, आणि चढ लागला की चालक तो दाबून झडप उघडत असे. उघड्या झडपेतून येणाऱ्या ठोक्यांवरून एखादा सिलिंडर ‘मिस’ करतो आहे का, हेही कानाला कळत असे, त्यामुळे यांत्रिकांनाही ती सोयीची होती. रस्त्यावरच्या इतरांना मात्र ती सोयीची नव्हती, आणि अनेक अमेरिकी शहरांनी तिच्यावर बंदी घातली. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाच्या चढाओढी सुरू झाल्या (तिथल्या हौशी मंडळींची संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली), तेव्हा तेथील तरुणांनी हीच युक्ती अधिक साधी करून घेतली : बाजूने काढलेल्या नळीच्या तोंडाला बोल्टने टोपण लावायचे, गावातून शांतपणे जायचे आणि मैदानावर पोहोचल्यावर पाना घेऊन ते टोपण काढायचे.

ताकद वाढते ती नेमकी कशामुळे, हे समजण्यासाठी इंजिनाच्या चार धावांपैकी शेवटची धाव पाहावी लागते. इंधन जळून गेल्यावर दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर सरकत उरलेला वायू बाहेर ढकलतो. नळीत आधीच दाब साठलेला असेल तर ढकलण्याचे हे काम जड होते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा इंजिनाने स्वतःच कमावलेल्या ऊर्जेतून खर्च होते. या साठलेल्या दाबाला प्रतिदाब, किंवा गॅरेजच्या भाषेत ‘बॅक प्रेशर’, म्हणतात. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत पूर्ण जोराने चालले आहे आणि सायलेन्सरमुळे येणारा प्रतिदाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३० टक्के आहे, असे धरले, तर दर सेकंदाला ५० वेळा दीड लिटर वायू त्या दाबाविरुद्ध ढकलण्याचा खर्च साधारण २२५० वॅट, म्हणजे तीन अश्वशक्ती, इतका येतो. सिलिंडरमध्ये मागे राहणारा जळका वायू कमी झाल्याने आणखी थोडी भर पडेल. तरीही शंभर अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ काही टक्क्यांचीच राहते. तेच इंजिन २००० फेऱ्यांवर आणले तर हिशेब पार बदलतो, कारण प्रतिदाब हा वायूच्या प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात आणि त्यापोटी होणारा खर्च घनाच्या प्रमाणात घटतो : प्रवाह एक तृतीयांश, खर्च सत्ताविसावा भाग, म्हणजे जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वॅट, जे एखाद्या छताच्या पंख्याहून फारसे अधिक नाही. शहरातील गाडीचे बहुतेक आयुष्य याच फेऱ्यांच्या आसपास आणि तेही अर्धवट दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे कटआउटचा लाभ नेमका जिथे क्वचित जायचे तिथेच मिळतो, हे स्पष्ट होते.

‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ असे मिस्त्री लोक ठासून सांगतात, त्याचे मूळही येथेच तपासून पाहण्यासारखे आहे. प्रतिदाब कोणत्याच इंजिनाला हवा नसतो. पण सिलिंडरची स्वतःची एक्झॉस्ट झडप उघडताच नळीतून दाबाची एक लाट धावत जाते, नळी जिथे एकाएकी रुंद होते किंवा संपते तिथून ती उलट्या खुणेने, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन, परत फिरते, आणि ती नेमक्या क्षणी सिलिंडरपाशी पोहोचली तर उरलेला वायू ओढून काढते व ताजे मिश्रण आत येण्यास हातभार लावते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक असल्याने या परतीच्या प्रवासाची वेळ नळीच्या लांबीवर ठरते. इंजिनाच्या फार जवळ कटआउट बसवला तर लाट परतण्याची जागाच बदलते, वरच्या फेऱ्यांत थोडा फायदा होतो आणि खालच्या फेऱ्यांत गाडीचा ‘पिकअप’ मरतो. मिस्त्रीचे निरीक्षण खरे असते, त्याने दिलेले कारण तेवढे चुकलेले असते.

टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत चित्र वेगळे दिसते. टर्बोचे चाक त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरकावर फिरते. नंतरचा दाब उतरवला की ते लवकर वेग घेते, म्हणून अशा गाडीत कटआउटचा परिणाम चालकाला खरोखर जाणवू शकतो. पण आधुनिक गाडीचा संगणक टर्बोचा दाब ठरावीक मोजमापांवर सांभाळत असतो. वाट एकाएकी मोकळी झाली की दाब ठरल्यापेक्षा वर उसळण्याचा धोका राहतो आणि मग संगणकाची मांडणीही बदलावी लागते.

झडप कुठे बसते, हा प्रश्न पेट्रोल गाडीत आणखी नाजूक होतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून संगणक हवा व पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने सुमारे १४.७ : १ असे राखतो. कटआउट या सेन्सरच्या आधी असेल, किंवा त्याच्या जवळ असून काजळी साचल्यामुळे चकती पुरती मिटत नसेल, तर वायूच्या दोन ठोक्यांमधील कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक गरज नसताना पेट्रोल वाढवतो. ताकदीसाठी केलेला खर्च अशा रीतीने अ‍ॅव्हरेजच्या मुळावर येतो. झडप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवरील प्रक्रियाच टळते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो गाडीच्या शेपटीऐवजी थेट आसनांच्या खाली सुटला आणि तळाच्या पत्र्यात कुठे फट असली, तर त्याची पहिली चाहूल डोकेदुखीनेच लागते.

एवढे असूनही कटआउट लावणारा बहुधा समाधानी असतो, याचे कारण आवाज हेच आहे. चार सिलिंडरचे इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर स्फोट करते. सायलेन्सर आपल्या कप्प्यांत आणि सच्छिद्र नळ्यांत या ठोक्यांना एकमेकांवर आपटवून व काचलोकरीत जिरवून मऊ करतो, आणि तो वगळला की ते सरळ कानावर येतात. ध्वनीची पातळी दहा डेसिबलने वाढली तर तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. तीन अश्वशक्तींची वाढ अंगाला जाणवणे कठीण, पण आवाज दुप्पट झालेला कोणालाही कळतो, आणि चालक त्याची नोंद ताकदीच्या खात्यात करतो.

कायद्याच्या दृष्टीने या विषयात फारशी संदिग्धता नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेतील फेरबदलांना मर्यादा घालते, आणि १९० व्या कलमानुसार ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रातील शहरांत पोलिसांनी बुलेटचे बदललेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवल्याची दृश्ये वाचकांच्या परिचयाची आहेत. मोटारीतील कटआउट बटण दाबताच मिटतो, म्हणून तो इतक्या सहजी सापडत नाही. पीयूसीची तपासणीही शेपटीच्या नळीत सळई घालून धूर मोजते, आवाज नव्हे, त्यामुळे मिटलेल्या झडपेची गाडी तिथून बिनबोभाट बाहेर पडते.

बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर आणि ड्रॅग शर्यतीच्या धावपट्टीवर, आयोजकांच्या नियमांत बसत असेल तर, या झडपेला रास्त जागा आहे. तिचा आणखी एक उपयोग मात्र बसवणाऱ्यांच्या फारसा ध्यानी येत नाही. गाडी डायनॅमोमीटरवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या रुळांवर, चढवून एकाच दिवशी झडप मिटवून आणि उघडून मोजणी केली, तर सायलेन्सर नेमका किती अडवतो हे आकड्यांत कळते. फरक मोठा आला तर बसवलेला सायलेन्सर त्या इंजिनाला अपुरा आहे आणि अधिक रुंद, सरळ वाटेचा पण आवाज जिरवणारा सायलेन्सर लावला की तीच ताकद झडपेशिवाय मिळते. फरक आला नाही तर अडथळा सायलेन्सरात नाहीच, आणि शोध पुढे न्यायचा तो एअर फिल्टर, कॅमशाफ्ट किंवा मॅनिफोल्डकडे.