पेशीपटलातील प्रथिने आणि भ्रूणाची दिशा

वनस्पतीच्या भ्रूणास मूळ कोणत्या टोकास फुटावयाचे, हे पुष्कळ अंशी पेशीपटलातील काही प्रथिनांच्या जागेवरून ठरते. मोहरीच्या कुलातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत हे विशेष स्पष्ट दिसते. ‘पिन’ प्रथिने ऑक्सिन हे वृद्धिसंप्रेरक पेशीबाहेर सोडतात. (फुलांवाचून सुईसारखा नुसता दांडा वाढणाऱ्या उत्परिवर्तित रोपांवरून त्यांना हे नाव पडले.) रंदुकाचे पहिले विभाजन होताच खालच्या पेशीच्या वरील पटलात पिन-७ जमते व ऑक्सिन वरच्या पेशीकडे, म्हणजे भावी भ्रूणाकडे, वाहू लागते. भ्रूण सुमारे ३२ पेशींचा झाला म्हणजे मात्र हा प्रवाह उलटतो. भ्रूणाच्या देठातील पिन-७ पेशींच्या खालच्या बाजूस जाते, गाभ्यातील पिन-१ ही तळाकडे एकवटते, आणि ऑक्सिन देठाच्या सर्वांत वरच्या पेशीत साठते. मुळाचा आरंभ तेथूनच होतो. ‘ग्नोम’ हे प्रथिन सदोष असल्यास पिन-१ ची बाजू पेशीपेशीत जुळत नाही, असे १९९९ साली दिसून आले. दोष तीव्र असल्यास अशा भ्रूणास मूळच येत नाही. तेव्हा पटलांचा अर्क काढून केवळ प्रथिने मोजणाऱ्यास हा फेरबदल कळावयाचा नाही. त्यासाठी प्रथिन चिन्हित करून ते पेशीच्या कोणत्या बाजूस आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालीच पाहिले पाहिजे.