शरद ऋतूतील ट्राउट आणि तरंगणारी माशी



गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासे धरणारी माणसं तुम्ही ओढ्यावर पाहिली असतील. पण हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीवर गेलात, तर वेगळाच गळ दिसेल. त्याला आमिष नसतंच! पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते. पाण्यावर तरंगणाऱ्या अशा माशीला 'ड्राय फ्लाय' म्हणतात. शरद ऋतूत ती कशी निवडायची, ते आज समजून घेऊ.

पावसाळ्यात डोंगरातल्या नद्या गढूळ असतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाणी ओसरतं आणि अगदी नितळ होतं. ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. पाणी नितळ असलं की किडा नीट पारखायला त्याला वेळ मिळतो. म्हणून मोठी, भडक माशी आता सहसा चालत नाही.

मग काय करायचं? माशांची डबी लगेच उघडू नका. दहा मिनिटं काठावर बसा आणि पाण्यावर कोणते किडे आहेत ते बघा. साधारण तीन प्रकार दिसतात.

१) मेफ्लाय : हिचे पंख शिडासारखे उभे असतात. शरदातल्या मेफ्लाय बऱ्याचदा बारीक असतात, म्हणून 18 ते 20 क्रमांकाचा गळ घ्यावा. इथे क्रमांक वाढला की गळ लहान होतो, बरं का! यासाठी करड्या रंगाची 'ॲडम्स' माशी चांगली. ती 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लेन हॅलडे यांनी बांधली.

२) कॅडिस : हिचे पंख घराच्या उतरत्या छपरासारखे असतात. क्रमांक 14 ते 16. अल ट्रॉथ यांनी 1957 मध्ये तयार केलेली 'एल्क हेअर कॅडिस' खळाळत्या पाण्यातही तरंगते, कारण तिच्यावरचे केस सहज बुडत नाहीत.

३) जमिनीवरचे किडे : दुपारच्या वाऱ्याने मुंग्या, नाकतोडे गवतातून पाण्यात पडतात. त्यांच्यासारखी माशी काठालगत सोडावी.

निवडताना आधी माप, मग ठेवण आणि शेवटी रंग बघा. असं का? मासा खालून वर पाहतो. आकाशाच्या उजेडापुढे किडा त्याला बराचसा सावलीसारखा दिसतो. सावलीत रंग कमी कळतो, पण माप आणि ठेवण लगेच कळते.

आणखी एक गोष्ट. सकाळी पाणी फार गार असतं, किडे कमी असतात. ऊन वर आल्यावर, साधारण अकरा ते तीन ही वेळ चांगली. माशी प्रवाहाबरोबर मोकळी वाहू द्या. दोऱ्याने ती ओढली गेली, तर मासा फसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. ब्राऊन ट्राउटचा अंडी घालण्याचा काळ शरदाच्या अखेरीस जवळ येतो. मादी तळाची खडी उकरून त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. म्हणूनच हिमाचलमध्ये 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. इतर वेळीही मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तळाशी नुकतीच उकरलेली स्वच्छ खडी दिसली, तर तिथे पाय ठेवू नका. एका पावलाखाली कितीतरी अंडी चिरडली जातात. गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा फारशी इजा न होता सुटतो. सोडताना हात ओले असू द्या, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागू शकतो.

थोडक्यात, नदी आधी वाचा आणि माशी मग निवडा. पुढच्या वेळी कुठल्याही ओढ्यावर गेलात, तर पाण्यातला एक दगड हलकेच उलटून बघा. खाली कोणते किडे दिसतात, ते वहीत टिपा आणि दगड होता तसाच ठेवा.