भर दुपारची पांढरी झाडे

भर दुपारी बारा वाजता निसर्गदृश्याचे छायाचित्र काढून पाहा. आकाश फिके येते आणि झाडाखाली काळोख दिसतो. म्हणूनच छायाचित्रकार सकाळ किंवा संध्याकाळ निवडतात. पण छायाचित्रणाचा एक प्रकार असा आहे, की त्याला दुपारचे हेच कडक ऊन मानवते. त्यात झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी आणि निरभ्र आकाश जवळजवळ काळे दिसते. ही किमया अवरक्त किरणांची!

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकाने पाडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. तेथे पडणारे अदृश्य किरण म्हणजेच अवरक्त किरण. अशा किरणांनी काढलेली निसर्गदृश्ये रॉबर्ट वूड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० साली प्रसिद्ध केली.

मग हिरवे पान पांढरे का दिसते? हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पुढचे अवरक्त किरण मात्र ते जवळजवळ शोषतच नाही. पानाच्या आतील पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत हे किरण फिरतात. त्यांतील बरेचसे परत बाहेर पडतात आणि बरेचसे पानातून आरपार जातात. त्यामुळे झाडाखालचा काळोखही उजळतो.

आकाशाचे कारण वेगळे. तरंगलांबी दुप्पट झाली, की हवेच्या रेणूंकडून प्रकाश विखुरण्याचे प्रमाण सोळाव्या हिश्शावर येते. म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाच्या तुलनेत ८०० नॅनोमीटरचे किरण फारच थोडे विखुरतात. आकाशाकडून ते आपल्यापर्यंत येत नाहीत, म्हणून आकाश काळे.

यासाठी भिंगावर ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश अडवणारी गाळणी लावतात. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या आत अवरक्त किरण अडवणारी दुसरी गाळणी असतेच. दोन्हींतून पार होणारा प्रकाश अगदी थोडा. म्हणून भरपूर ऊन हवे, कॅमेरा तिपाईवर हवा आणि झडप काही सेकंद उघडी ठेवावी लागते. काळ्या दिसणाऱ्या या गाळणीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. न दिसणारे किरण डोळ्याला इजा करतात.

एक गैरसमज टाळा. हे उष्णतेचे चित्र नव्हे. आपल्या शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी सुमारे १०,००० नॅनोमीटर असते. ते या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. येथे दिसतात ते परावर्तित झालेले सूर्यकिरण.

याचा उपयोग काय? पान रोगाने किंवा पाण्यावाचून खराब झाले, की त्याची आतली रचना ढासळते आणि हा पांढरेपणा कमी होतो. १९८८ साली सोडलेल्या भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्त पट्टा होता, तो पिके आणि जंगले ओळखता यावीत म्हणून.

घरी एक प्रयोग करा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा. बहुतेक फोनांच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाचा दिवा लुकलुकताना दिसेल. आता मध्ये एक हिरवे पान धरा. दिवा दिसेनासा होतो का? पाहा आणि कारण तुम्हीच सांगा!