कर्करोगात वजनाचा काटाही उपचाराचाच भाग

लखनौ : रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, चौक भागातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि सुलतानपूर रस्त्यावरील कल्याण सिंह अतिविशेषोपचार कर्करोग संस्था यांच्या बाह्यरुग्ण विभागांत पूर्वांचल, अवध आणि बुंदेलखंडातून कर्करोगाचे रुग्ण येतात. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पुढच्या तारखा सांभाळताना एका आकड्याकडे मात्र अनेक कुटुंबांचे दुर्लक्ष होते. तो आकडा म्हणजे रुग्णाचे वजन.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात कर्करोगाचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण आढळले. उत्तर भारतात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर दिसतो आणि गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे. हे दोन्ही आजार थेट अन्नमार्गावर घाला घालतात. पहिल्यात चावणे आणि गिळणे अवघड होते, तर दुसऱ्यात अन्नावरची वासनाच उडते आणि स्निग्ध पदार्थ पचेनासे होतात.

वजन का घटते?

कर्करोगात वजन केवळ कमी खाण्याने घटत नाही. गाठीमुळे आणि शरीराच्या तिच्याविरुद्धच्या प्रतिक्रियेमुळे दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यामुळे भूक मंदावते आणि शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. २०११ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले, तर ही अवस्था गृहीत धरली जाते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा अवघी तीन किलोची आहे. मुळातच कृश असलेल्या व्यक्तीत २ टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी ठरते.

या तीन किलोंचा उपचारांशी निकटचा संबंध असतो. केमोथेरपीच्या अनेक औषधांची मात्रा उंची व वजनावरून ठरते. डोके व मानेच्या किरणोपचारात रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा तयार केला जातो. चेहरा ओसरला की तो सैल होतो आणि कधी कधी उपचाराची आखणी नव्याने करावी लागते. अशक्तपणामुळे उपचारांत खंड पडला, तर त्यांची परिणामकारकता कमी होते. शस्त्रक्रियेनंतरची जखमही कुपोषित शरीरात उशिरा भरते. म्हणूनच निदानाच्या दिवशीचे वजन नोंदवून ठेवावे आणि दर आठवड्याला, शक्यतो एकाच काट्यावर व एकाच वेळी, वजन करावे. ही वही डॉक्टरांना प्रत्येक भेटीत दाखवावी. पाय सुजल्याने किंवा पोटात पाणी झाल्याने वजन स्थिर भासू शकते. अशा वेळी दंड आणि मांड्या बारीक होत आहेत का, याकडेही पाहावे.

किती आणि काय?

युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्करोगाच्या रुग्णाला दररोज प्रति किलो वजनामागे साधारण २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा आणि एक ग्रॅमहून अधिक, शक्य असल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. ५० किलोच्या रुग्णासाठी याचा अर्थ १,२५० ते १,५०० किलोकॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने असा होतो.

हा हिशेब घरच्या स्वयंपाकघरात बसवता येतो. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे १४ ग्रॅम आणि ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. भात, पोळी आणि दही यांची भर वेगळीच. उत्तर प्रदेशात घरोघरी असणारे भाजलेल्या हरभऱ्याचे सत्तू, महाराष्ट्रातील शेंगदाण्याचे कूट आणि मेतकूट हे पदार्थही या कामी येतात.

भूक नसलेल्या माणसापुढे भरलेले ताट ठेवले, तर त्याची उरलीसुरली इच्छाही जाते. त्यामुळे पानातील प्रमाण वाढवण्याऐवजी प्रत्येक घासाचे मोल वाढवावे. मऊ खिचडीत चमचाभर तूप घातल्यास सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात. दुधात दूध पावडर, खिरीत बदामाची पूड, डाळीत कुसकरलेले पनीर मिसळता येते. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. अनेकांना सकाळी त्यातल्या त्यात बरी भूक असते. मुख्य आहार तेव्हाच द्यावा. जेवणाआधी भरपूर पाणी किंवा पातळ सूप प्यायल्यास पोट भरल्यासारखे वाटते, म्हणून द्रवपदार्थ दोन खाण्यांच्या मध्ये घ्यावेत.

तक्रारीनुसार ताट

तोंड आले असेल, तर मिरची, आंबट आणि कडक पदार्थ टाळून कोमट किंवा गार, गुळगुळीत अन्न द्यावे : दहीभात, खीर, मऊ भात, घोटलेली डाळ, नाचणीचे सत्त्व. मळमळ होत असल्यास फोडणीच्या वासापासून रुग्णाला दूर ठेवावे. गरम अन्नापेक्षा गार अन्नाचा वास कमी येतो. तोंडाला धातूची चव येत असेल, तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून पाहावा. जुलाब होत असल्यास ओआरएस, केळे आणि ताक-भात उपयोगी पडतात. वेदनाशामक मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठ होतो, तेव्हा सारक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. काविळीत तेल-तूप सोसत नसेल, तर ऊर्जा कोठून भरून काढायची, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यासही वरील प्रमाणे परस्पर लागू करू नयेत.

केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे स्वच्छता औषधाइतकीच महत्त्वाची ठरते. पाणी आणि दूध उकळलेले असावे, अंडी पूर्ण शिजवलेली असावीत, रस्त्यावरची कापलेली फळे आणि उसाचा रस टाळावा. धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांनी एकदाच रांधून दिवसभर ठेवण्यापेक्षा थोडे थोडे ताजे शिजवावे.

दोन गैरसमज

साखर आणि दूध बंद केले की गाठ उपाशी मरते, असा समज सर्वदूर आहे. प्रत्यक्षात शरीरातील सर्वच पेशी साखर वापरतात आणि आहार तोडला की आधी झिजतात ते रुग्णाचे स्नायू. गोडाचा अतिरेक नसावा, हे खरे. पण केवळ फळांच्या रसावर किंवा काढ्यांवर ठेवलेला रुग्ण उपचार पेलू शकत नाही.

दुसरा समज नाकातून घातलेल्या अन्ननळीविषयी आहे. ‘नळी लागली म्हणजे संपले’ असे मानून कुटुंबे ती नाकारतात. तोंड व घशाच्या कर्करोगात ही नळी अनेकदा उपचार पार पडेपर्यंतचा पूल असते. गिळणे सुधारले की ती काढतात. नळीतून अन्न देताना रुग्णाला टेकवून बसवावे, अन्न गाळून घ्यावे आणि आधी व नंतर स्वच्छ पाणी सोडून नळी मोकळी ठेवावी.

केमोथेरपी सुरू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास, दिवसभर पाणीही पोटात टिकत नसल्यास किंवा गिळताना ठसका लागत असल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आग्रहाची मर्यादा

भारतीय घरांत प्रेम ताटातून व्यक्त होते. म्हणूनच ‘अजून एक घास’ हा आग्रह थांबत नाही आणि तो नाकारणाऱ्या रुग्णाला अपराधी वाटू लागते. अन्नावरून रोज वाद होऊ लागले की जेवणाची वेळच नकोशी होते. रुग्णाला काय आणि केव्हा हवे, हे त्याला ठरवू द्यावे, सोबत बसून जेवावे आणि उरलेल्या अन्नाची चर्चा टाळावी. झेपेल तेवढे चालणेही आवश्यक आहे. कारण हालचालीशिवाय प्रथिनांचे स्नायू होत नाहीत.

आजार अंतिम टप्प्यात पोहोचल्यावर हा हिशेब बदलतो. शरीर तेव्हा अन्नाचा उपयोग करू शकत नाही. जबरदस्तीने भरवल्याने आयुष्य वाढत नाही. उलट उलटी, धाप आणि ठसक्याचा त्रास वाढतो. अशा वेळी ओठ ओलसर ठेवणे, तोंड स्वच्छ ठेवणे आणि मागेल तेव्हा आवडीच्या पदार्थाचा चमचाभर घास देणे हीच शुश्रूषा असते. रुग्ण जेवत नाही म्हणून तो जात नसतो. आजार बळावल्यामुळे त्याची भूक गेलेली असते. हे उमगलेले कुटुंब स्वतःला दोष न देता त्याच्या उशाशी बसू शकते.